लिथियम चालू असताना पायी वारी: अनुभव हवा आहे

आईला बायपोलर (मन:स्थिती टोकाची वर-खाली होण्याचा मानसिक आजार) आहे. त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत, तब्येत स्थिर. यंदा तिला आळंदीहून पायी पंढरपूरला जायचंय. तिला अडवायचं नाही. हरिपाठ आणि दिंडीतली माणसं हा तिचा खरा आधार आहे. गोळ्याही बंद करणार नाही.

काळजी घामाची आणि उपासाची. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं; हात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात. डॉक्टरांनी निघण्यापूर्वी रक्तातली लिथियमची लेव्हल तपासायला आणि अंगदुखीवर आयबुप्रोफेन टाळायला सांगितलंय. एकादशीला ती पाणी पिते, पण मीठ अजिबात खात नाही. शिवाय जागरण झालं की तिचा आजार उसळतो.

लिथियम घेत वारी केलेल्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी कृपया सांगा: सासवड, लोणंद, फलटण यांपैकी कुठे लेव्हलची तपासणी लगेच होते? आणि दिंडीत रात्रीची सलग झोप कशी सांभाळलीत?