पोर्ट हेडलंड ते ब्रूम, आईबाबांसोबत: एका दिवसात की मुक्काम करून?

नमस्कार मंडळी, आम्ही तीन वर्षं पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट हेडलंडला आहोत. आईबाबा चिपळूणहून आलेत आणि जुलैच्या सुट्टीत त्यांना गाडीने ब्रूम दाखवायचंय. अंतर सहाशेच्या आसपास, रस्ता डांबरी चांगला, पण मध्ये गाव असं नाहीच, सँडफायरसारखं रोडहाऊस (हायवेवरचा पंप आणि खानावळ), पेट्रोल, टॉयलेट, खाणं जे काय ते तिथेच. आईला अजूनही वाटतंय की मुंबई-गोवा हायवेसारखी वाटेत चहाची टपरी लागेल.

अडचण बाबांची आहे. वय ६९, इन्सुलिन चालू, आणि तासभर सलग बसले की गुडघे आखडतात. दर तासाला थांबायचं म्हटलं तर आठ-नऊ तास सहज जाणार आणि इथे जुलैत पावणेसहाच्या आतच सूर्य बुडतो. अंधारात चालवायचं नाही हे आमचं पक्कं. मागच्या वर्षी तिन्हीसांजेला एक गाय एकदम रस्त्यात आली, कुंपण नसतंच ना, नवऱ्याने करकचून ब्रेक मारला तेव्हा गाडी थांबली, तिच्या कानातला पिवळा बिल्ला अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून वाटेतल्या एटी माइल बीचला एक रात्र राहावं असं मनात आहे, केबिन मिळतेय. पण हायवेपासून दहाएक किलोमीटर कच्चा रस्ता, बाबांना सोसेल का? इन्सुलिन एस्कीत (थंड पेटीत) बर्फात ठेवलं तर चालतं का? आणि मधे मोबाईलला रेंज नाही, हॉस्पिटल एकतर हेडलंडला नाहीतर ब्रूमला, तर सॅटेलाइट फोन घ्यावाच का? कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद: ताई, मुक्काम कराच, आम्ही सासूबाईंना घेऊन तसंच केलं होतं. कच्च्या रस्त्यावर खडखड होते, टायरची हवा थोडी कमी करा आणि हळू घ्या, बाबांना पुढच्या सीटवर बसवा. इन्सुलिन बर्फाला टेकू देऊ नका, गोठलं की वाया जातं, टॉवेलात गुंडाळून डब्यात ठेवा आणि थोडं वेगळ्या पिशवीत पण असू द्या. आयफोन १४ किंवा पुढचा असेल तर सॅटेलाइटवरून एसओएस जातो, नसेल तर फोन भाड्याने घ्या. रोड ट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक) पन्नास मीटरच्या वर लांब असतात, समोर लांबपर्यंत मोकळं दिसल्याशिवाय ओव्हरटेक नको.

धागाकर्ती: खूप आभार! केबिन आत्ताच बुक केली. फोन जुना आहे, हेडलंडमध्ये सॅटेलाइट फोन भाड्याने कुठे मिळतो कोणाला माहितीये का?