उन्हाळी स्विम टीमसाठी लहान मुलांची तयारी कशी करून घ्यावी?

फेअरफॅक्सकर (प्रश्न):

नमस्कार. आम्ही व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीत राहतो. आमच्या वसाहतीची टीम नॉर्दर्न व्हर्जिनिया स्विमिंग लीगमध्ये उतरते आणि मेमोरियल डेच्या सुमारास, म्हणजे मेअखेरीस, तिचा सराव सुरू होईल. मुलगी ७ वर्षांची आहे आणि मुलगा साडेपाच वर्षांचा. दोघांनीही हिवाळाभर बंदिस्त, गरम पाण्याच्या तलावात आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाचा वर्ग केला. मुलगी फ्रीस्टाइलने दहा-बारा मीटर जाते आणि मग उभे राहण्यासाठी पायाने तळ चाचपू लागते. मुलगा तोंड पाण्यात घालतो, पाठीवर तरंगतो, परंतु शिक्षिकेचा हात सुटला की कासावीस होतो.

शेजारी म्हणतात, "नाव घाला, बाकीचे आपोआप होते." यजमानांचे मतही तेच आहे. माझे बालपण डोंबिवलीत गेले आणि पाण्याशी माझा संबंध पावसाळ्यापुरताच आला, त्यामुळे मूल तयार आहे की नाही हे कशावरून ओळखायचे तेच मला कळत नाही. हाताशी सहा आठवडे आहेत. या काळात नेमके काय करून घ्यावे, आणि धाकट्याला यंदाच घालावे का? मुलगी शेवटची आली तर तिला रडू कोसळेल, ही आणखी एक काळजी आहेच.

तिसरी_लेन:

आमच्या दोन्ही मुली याच लीगमध्ये पोहतात आणि गेली तीन वर्षे मी शर्यतींत स्ट्रोकची पंच म्हणून काठावर उभी असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की टीम म्हणजे पोहण्याचा वर्ग नव्हे. प्रशिक्षकांच्या हाताखालचे मदतनीस बहुतेक हायस्कूल-कॉलेजची मुले असतात. ती प्रेमळ असतात, पण एका लेनमध्ये आठ-दहा मुले असताना एकेकाचा हात धरून तरंगायला शिकवणे त्यांना शक्य नसते. ८ वर्षे व त्याखालील गटात शर्यत २५ मीटरची, म्हणजे तलावाची एक लांबी असते, आणि गट १ जूनच्या वयावरून ठरतो. तेव्हा तुमच्या मुलीपुरता प्रश्न वेगाचा नाही. बारा मीटरनंतर तिला तळ का शोधावा लागतो, एवढाच प्रश्न आहे.

माझ्या पाहण्यात याचे कारण दहातल्या आठ वेळा श्वास हेच असते. मूल तोंड पाण्यात असताना श्वास कोंडून धरते, मग हवा घेण्यासाठी अख्खे डोके वर काढते; डोके वर आले की कंबर आणि पाय खाली जातात, आणि दोन-तीनदा असे झाले की ते दमते. हात-पाय मारण्याची ताकद तिच्यात पुरेशी असेल, परंतु हवा बाहेर सोडण्याची सवय नसेल. पुढच्या सहा आठवड्यांत तिला पाण्यात सावकाश बुडबुडे सोडायला आणि डोके न उचलता, एक कान पाण्यात ठेवून, तोंड बाजूला वळवायला शिकवणाऱ्या शिक्षिकेकडे आठवड्यातून दोनदा न्यावे. त्याच्याबरोबर दमल्यावर पाठीवर वळणे, चार श्वास घेणे आणि पुन्हा पालथे होऊन पुढे जाणे, हेही जमायला हवे. हे सारे पाय टेकत नाहीत अशा पाण्यात, शिक्षिकेच्या देखरेखीखाली व्हावे. उथळ भागात मूल २५ मीटर गेले असे पालक सांगतात तेव्हा त्यात किती पावले चाललेली होती हे मी हल्ली विचारतच नाही.

बॅकस्ट्रोक आधी पक्का केला तरी चालेल, कारण त्यात श्वासाचा घोळ नसतो. भिंतीपासून ५ मीटरवर वर छोट्या पताकांची ओळ असते. ती दिसल्यापासून भिंतीपर्यंत आपले किती हात होतात हे मोजायला शिकवले की डोके आपटण्याची भीती जाते. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय यंदा नाही आले तरी काही बिघडत नाही.

धाकट्याला टीममध्ये घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पुष्कळ तलावांवर लहानांसाठी प्री-टीम असते, तिथे शिक्षक पाण्यात उतरलेले असतात. तुमच्याकडे असेल तर तिथे घाला, नसेल तर वर्ग चालू ठेवा. हात सुटल्यावर कासावीस होणाऱ्या मुलाला गर्दीच्या लेनमध्ये सोडले तर पुढचे दोन उन्हाळे तो तलावाकडे फिरकणार नाही. आमच्या थोरलीच्या बाबतीत ही चूक आम्ही केलेली आहे.

विहिरीत_शिकलेला:

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी पाठीला पत्र्याचा डबा बांधून काका विहिरीत ढकलून देत आणि आठ दिवसांत पोरगे पोहू लागे. इतका विचार कोणी केल्याचे आठवत नाही. तरीही वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे, कारण काका स्वतः पाण्यात असत आणि त्यांचे लक्ष दुसरीकडे नसे, हा भाग आम्ही गोष्ट सांगताना गाळतो. अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंत बुडणे हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. शर्यतीच्या सकाळी काठावर शंभर माणसे असतात, म्हणून प्रत्येकाला वाटते की दुसरा पाहतो आहे. लाइफगार्ड असला तरी धाकट्यावर नजर ठेवण्याचे काम एका माणसाच्या नावे ठरवून द्यावे, आणि त्या वेळात त्याने फोन खिशात ठेवावा. निळा किंवा पांढरा पोहण्याचा पोशाख पाण्याखाली दिसेनासा होतो. भडक नारिंगी घ्यावा.

अनघा_मेरीलँड:

पोहण्याबद्दल वर आलेच आहे, मी बाकीच्या गोष्टींबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे रडारड झाली ती त्यांच्यामुळे.

उघड्या तलावाचे पाणी मेअखेरीस इतके थंड असते की गरम पाण्याची सवय असलेली मुले पहिल्या दिवशी पायरीवरच अडून बसतात. टीमचा सराव सुरू होण्याआधी एकदोनदा बाहेरच्या तलावात न्यावे आणि दहा मिनिटांत बाहेर काढावे. गॉगल नीट बसतो का, पाणी आत येत नाही ना, हे पाहून घ्यावे: पट्टा न लावता डोळ्यांवर दाबला आणि क्षणभर चिकटून राहिला तर तो बसतो. लांब केसांना आधी साधे पाणी लावून मग टोपी घालावी. खोबरेल तेल मात्र त्या दिवशी नको, टोपी घसरते आणि तलाववालेही कुरकुर करतात.

शनिवारची मीट, म्हणजे शर्यतींची स्पर्धा, पहाटेपासून दुपारपर्यंत चालते आणि त्यात मूल जेमतेम एक-दोन मिनिटे पोहते. उरलेला वेळ तंबूखाली बसणे, दंडावर मार्करने लिहिलेला शर्यतीचा आणि लेनचा क्रमांक पुसू न देणे, आणि नाव पुकारल्यावर रांगेत उभे राहणे यातच जातो. लांब शिट्टी झाली की काठावरच्या, सूर मारण्याच्या ठोकळ्यावर चढायचे, मग "टेक युअर मार्क", मग भोंगा, हा क्रम घरी सोफ्यावरून खेळून घ्यावा. ठोकळ्यावरून सूर मारण्याचा सराव मात्र प्रशिक्षकाशिवाय अजिबात नको. आमच्या लीगमध्ये लहान मुलांना पाण्यातूनही सुरुवात करता येते. डब्यात ठेपले, केळी, दही-भात चालतात. शेंगदाण्याची चिक्की तंबूत नेऊ नये, कोणाला ना कोणाला ॲलर्जी असतेच. ढग गडगडले की सगळ्यांना ३० मिनिटे पाण्याबाहेर काढतात, म्हणून पत्त्यांचा एक जोड बरोबर ठेवावा.

फेअरफॅक्सकर:

सर्वांचे आभार. मुलीसाठी आठवड्यातून दोन वर्ग ठरवले आहेत. एक शंका राहते: शर्यतीच्या मध्यात तिने दोन लेनमधली दोरी धरली तर तिला बाद करतात का?

तिसरी_लेन:

फ्रीस्टाइलमध्ये थांबून दोरी धरली किंवा क्षणभर उभी राहिली एवढ्यावरून बाद करत नाहीत. दोरी ओढून किंवा तळावरून चालत पुढे सरकता येत नाही, इतकेच. बॅकस्ट्रोकमध्ये भिंतीला हात लावेपर्यंत पाठीवर राहावे लागते, आणि लहान मुले सर्वांत जास्त तिथेच बाद होतात, कारण शेवटच्या दोन हातांत भिंत पाहायला वळतात. बाद झाल्याची चिठ्ठी मी लिहिते तेव्हा ती मुलापेक्षा पालकांनाच अधिक लागते, असा माझा अनुभव आहे.

शेवटची येण्याबद्दल: ऑलिंपिक विजेती जलतरणपटू केटी लेडेकी मेरीलँडमध्ये अशाच एका वसाहतीच्या टीममध्ये, पॅलिसेड्समध्ये, ६ व्या वर्षी आली. तेव्हाचे ध्येय म्हणून तिने सांगितले आहे ते एवढेच की नाक पुसण्यासाठी दोरीला न थांबता पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचे. तुमच्या मुलीला पहिल्या मीटसाठी हेच सांगा आणि वेळेचा कागद स्वतःजवळ ठेवा. दुसऱ्या मीटनंतर पहिल्याशी ताडून दाखवा, तोवर शेजारच्या लेनमध्ये कोण होते याची चौकशी घरात कोणी करू नये, आजी-आजोबांनी फोनवरूनसुद्धा.

आणि तुम्ही स्वतः टायमर, म्हणजे शर्यतीची वेळ मोजणारे, म्हणून नाव द्या. पोहता यावे लागत नाही, घड्याळाचे बटण दाबता आले की पुरे, आणि मुलीला भिंतीला हात लावताना वर पाहिल्यावर एखादा ओळखीचा चेहरा दिसतो.

फेअरफॅक्सकर:

टायमरसाठी नाव दिले. धाकटा प्री-टीममध्ये जाईल. तिथली चाचणी पुढच्या शनिवारी आहे, आणि नारिंगी पोशाख त्याने आताच घरात घालून पाहिला आहे.