भाड्याच्या घराची वाढीव घरपट्टी कोणी भरायची? शिवाय आईच्या अनुदानाविषयी

प्रश्न (अक्कलकोट रस्ता, सोलापूर):
नमस्कार. एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही काही वर्षांपासून भाड्याने राहतो. भाडे रोख देतो, पावती मिळत नाही आणि लेखी करारही झालेला नाही. घर भाड्याने दिल्याची नोंद आकारणीत झाल्यामुळे घरपट्टी वाढली असून वाढीव रक्कम तुम्हीच भरा, असे घरमालक काका म्हणत आहेत. ते कायद्याला धरून आहे का? तसेच, माझ्या विधवा आईचे वय ६५ च्या पुढे आहे. तिच्या अनुदानाचा अर्ज महापालिकेच्या विभागीय कार्यालयात द्यायचा का? मी टॉवेल कारखान्यात हिशेबनीस आहे.

उत्तर १ (बाळीवेस):
महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार भाड्याने दिलेल्या मिळकतीचा कर भरण्याची पहिली जबाबदारी मालकाची असते. मात्र मागणीची नोटीस मिळूनही त्यांनी तो थकवला, तर महापालिका भोगवटादाराकडे, म्हणजे तुमच्याकडे, मागणी करू शकते. अशी रक्कम भरावी लागल्यास ती मालकाच्या देण्यापोटी भाड्यातून वळती करता येते, म्हणून पावती तुमच्याजवळ ठेवा. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, तेव्हा या वादात देयक पडून राहू देऊ नका.

उत्तर २ (जुळे सोलापूर):
वरील उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १२ प्रमाणे कर वाढला तर मालकाला भाडे वाढवता येते. अट एवढीच की ही वाढ कराच्या वाढीपेक्षा अधिक असता कामा नये. त्यामुळे काकांची मागणी अगदीच निराधार नाही. आधी जुने आणि नवे देयक दाखवायला सांगा आणि फरकापुरतेच बोला. भाड्याची पावती देणे आणि करार लेखी करून त्याची नोंदणी करणे, या दोन्ही गोष्टी मालकाच्या जबाबदारीत येतात. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

एक सावधगिरी मात्र माझ्या मते घरपट्टीच्या रकमेपेक्षाही महत्त्वाची आहे. आता ‘करार करून टाकू’ म्हणून अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा कागद पुढे आला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नका. आज तुम्ही भाडेकरू आहात; त्या कागदाने केवळ परवानाधारक ठराल आणि मुदत संपताच घर सोडण्याची वेळ येऊ शकते.

उत्तर ३ (विडी घरकुल):
अनुदानाचा महापालिकेशी संबंध नाही. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत द्यावा लागतो आणि मंजूर झाल्यास दरमहा १,५०० रुपये मिळतात. परंतु कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. आई तुमच्यासोबत राहत असल्यास तुमचा पगारही त्यात धरला जाईल, म्हणून कागदपत्रांसाठी धावाधाव करण्याआधी उत्पन्नाच्या दाखल्याचाच विचार करा.