गुरू उकडलेल्या अंड्यासारखा का येतोय? (८ इंची डॉब, ठाण्यातली गच्ची)

गच्चीबहाद्दर, पाचपाखाडी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

दिवाळीत ८ इंची डॉब घेतली, म्हणजे पाटावर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण, १२०० मिमी फोकल लांबीची. सोबत झेडडब्ल्यूओ कंपनीचा २२४ एमसी कॅमेरा आणि ५x बार्लो, म्हणजे चित्र पाचपट मोठं करणारं भिंग. बायकोला सांगितलेला आकडा आणि खरा आकडा यांच्या मधे एक फ्रीज आरामात बसेल. आमची इमारत सात मजली, गच्चीची किल्ली वॉचमनकडे. ती मिळवण्यातच पंधरवडा गेला, कारण बी विंगच्या एका आजोबांनी कमिटीला अर्ज दिला होता की हा मुलगा रात्री लोकांच्या खिडक्यांत बघतो. शेवटी त्यांनाच वर नेऊन शनी दाखवला. नेमकी यंदा कडी जवळजवळ मिटलेली. आजोबा म्हणाले, "याला काडी टोचलीय." पण अर्ज मागे घेतला.

तर मुद्दा. १० जानेवारीला गुरूची प्रतियुती होती, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर समोर. त्या रात्री साडेबारापासून दोनपर्यंत वर होतो. गुरू अगदी डोक्यावर, मान मोडायची वेळ आली, पण वीसेक व्हिडिओ घेतले. हाती आलं ते उकडलेलं अंडं. दोन फिकट पट्टे, कडा पाण्याखाली धरल्यासारख्या हलणाऱ्या. ऑटोस्टॅकर्टमधून (हे सॉफ्टवेअर चांगल्या फ्रेम निवडून एकावर एक रचतं, तोच स्टॅक) काढून रजिस्टॅक्समध्ये वेव्हलेट, म्हणजे तपशील धारदार करायचे स्लायडर, ओढले तर अंड्याचा कांदा झाला, पापुद्र्यांसकट.

कॅमेरा बदलू का? त्याच कंपनीच्या ६६२ बद्दल बरं ऐकतोय. की ठाण्यातून हे होतच नाही?

डबल_बार्लो, कळवा

नाही होत. एवढ्या उजेडात काय दिसणार? वांगणीच्या पुढे कुठेतरी अंधारात जा.

नेरुळकरीण

डबल बार्लो, अंधार लागतो तो तेजोमेघांना आणि दीर्घिकांना. गुरूला रस्त्यावरच्या दिव्याचं काहीच वाटत नाही, तो स्वतःच दिवा आहे. ग्रहांना लागते शांत हवा. फिलिपिन्समधल्या सेबूचे ख्रिस्तोफर गो यांचं उदाहरण घे. सेबू म्हणजे समुद्राकाठचं, दमट, गजबजलेलं शहर, आपल्यासारखंच. तिथून त्यांनी २००६ मध्ये गुरूवरचा 'ओव्हल बीए' हा पांढरा ठिपका लाल झाल्याचं जगात सगळ्यांच्या आधी टिपलं. तेव्हा वांगणीला जरूर जा, पण गुरूसाठी नको.

आता गच्चीबहाद्दर, तुझ्याकडे वळते. कॅमेऱ्याला हात लावू नकोस. २२४ वर मी सात वर्षं काढली आहेत.

पहिला गुन्हेगार ५x बार्लो. साधा हिशोब असा, की कॅमेऱ्याचा पिक्सेल जितक्या मायक्रॉनचा, त्याच्या साधारण पाचपट एफ-आकडा (फोकल लांबी भागिले आरशाचा व्यास) पुरे. तुझा पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा, म्हणजे एफ/१८ किंवा १९. तुझी दुर्बीण एफ/६ च्या आसपास, तिला ५x लावलास की झाली एफ/३०. चित्र मोठं झालं, तपशील तेवढाच राहिला, आणि उजेड पसरून पातळ झाला म्हणून तू एक्स्पोजर वाढवलंस. वाढवलंसच ना? किती मिलिसेकंद ठेवलं होतंस? वीसच्या वर असेल तर हवेची थरथर प्रत्येक फ्रेममध्येच सारवली गेली. ३x घे, दहाच्या आसपास ठेव.

दुसरा गुन्हेगार पायाखाली आहे. गच्चीवर चायना मोझॅक असेल, हो ना? तो दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ओकत बसतो. मी स्वतः पहिला हिवाळा असाच वाया घालवला. मग कंटाळून दुर्बीण खाली सोसायटीच्या बागेत, जास्वंदीच्या वाफ्याशेजारी मातीवर मांडली, आणि त्याच रात्री गुरूचे पट्टे दोरे ओढल्यासारखे दिसले. खाली जागा नसेल तर गच्चीवरच पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला ठेव. दुपारचं ऊन टाकीनेच अडवलेलं असतं, तिथली फरशी लवकर निवते. आणि कोणाच्या एसीचं बाहेरचं युनिट गुरूच्या दिशेला फुंकत नाही ना, तेही बघ.

तिसरं, आरसा. दुर्बीण बेडरूममध्ये ठेवतोस? मग वर नेल्यावर तासभर तरी आरसा गरमच असतो, आणि नळीतून वाफ निघावी तशी हवा वर चढते. संध्याकाळी सातलाच वर नेऊन ठेव. मी आरशामागे कॉम्प्युटरचा जुना पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावला आहे. खात्री करायची तर एखादा तारा फोकसबाहेर काढून बघ. वलयं एकमेकांच्या मधोमध नसतील तर आरसे जुळवायला हवेत. वलयांवर धुरासारखं काही सावकाश सरकत असेल तर आरसा अजून तापलेला आहे. सगळंच भराभर उकळत असेल तर दोष हवेचा, मग खाली येऊन झोप.

गच्चीबहाद्दर

काकू, ३५ मिलिसेकंद होतं. आणि दुर्बीण बेडरूममध्येच, कपाटाशेजारी. अजून काय सांगू!

एक विचारायचं राहिलं. डॉबला मोटर नाही. गुरू पडद्यावरून पळतो, मी ढकलत राहतो, व्हिडिओत निम्म्या फ्रेम माझ्या हाताच्या धक्क्याने गेलेल्या असतात.

नेरुळकरीण

ढकलायचंच नाही मुळी. गुरूला चौकटीच्या बाहेर पूर्वेला ठेव, हात काढून घे, डॉब शांत होऊ दे आणि त्यालाच आत येऊन पलीकडे जाऊ दे. ३x ला तो पूर्ण दिसतो सोळा-सतरा सेकंद. ५x ला जेमतेम नऊ मिळत होते. कॅमेरा असा फिरव की गुरू लांब कडेला समांतर सरकेल, मग चौकटीची उंची ४८० वर आण. फाइल हलकी होते, वेग सेकंदाला शंभर फ्रेमपर्यंत जातो. असे चार पास दोन मिनिटांच्या आत उरक, कारण गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो, जास्त रेंगाळलास तर त्याच्यावरचे ठिपकेच सरकतात. चारही फाइली पिप या सॉफ्टवेअरमध्ये टाक, ते गुरूला मधोमध आणून कापून देतं. मग ऑटोस्टॅकर्टमध्ये वरच्या वीस टक्के फ्रेम घे. वेव्हलेट हलक्या हाताने, फोडणीत हिंग घालतो तेवढेच.

आणि डोक्यावर येण्याची वाट बघू नकोस. तिथे डॉब आडमुठी होते, इंचभर हलवायला अख्खा पाट गोल फिरवावा लागतो. रात्री दहालाच गुरू साठेक अंशांवर असतो. तेवढा बास.

डबल_बार्लो, कळवा

मी नाव बदलायचं म्हणतोय.

गच्चीबहाद्दर

मंडळी, रिपोर्ट. ३x एका मित्राकडून उसना आणला. सातला दुर्बीण वर, टाकीच्या पूर्वेला. दहाला सुरुवात. पहिल्या पासलाच लॅपटॉपवर गुरूचे पट्टे वेगवेगळे दिसले, उत्तरेच्या पट्ट्याखाली निळसर गाठीसुद्धा! वॉचमन मागे उभा होता, तो म्हणाला, "हे इंटरनेटवरून घेतलंत का?" याहून मोठं सर्टिफिकेट नको.

एकच खोट. गुरूच्या उजव्या बाजूला बारीक काळा ठिपका राहिलाय, सेन्सरवर धूळ असणार. चित्र इथे टाकण्याआधी तो पुसून टाकू ना?

नेरुळकरीण

थांब! हात लावू नकोस! धूळ सेन्सरवर एका जागी असते आणि तुझा गुरू तर चौकटभर सरकत होता. पिपने गुरूला मधे आणलं की धुळीची रेघ होते आणि स्टॅकमध्ये ती विरून जाते. ठिपका काळा, गोल आणि गुरूवर तसाच टिकून असेल तर ती त्याच्या एखाद्या चंद्राची सावली आहे. फाइलच्या नावात वेळ असेल, ती पाठव. कोणाची सावली ते विनज्युपॉसमध्ये, म्हणजे ग्रह-चंद्रांच्या जागा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बघून सांगते.

गच्चीबहाद्दर

१०:२२ ची फाइल आहे. काकू, मी पुसला होता. मूळ स्टॅक आहे अजून, तो परत उघडतोय.