मदत हवी आहे: विंडोजवरचे गेमचे सेव्ह लिनक्सवर उघडेनात

मंडळी, प्रश्न पोरकट वाटेल, पण माझा अख्खा शनिवार-रविवार यात गेलाय.

सिडकोतल्या घरी २०१२चा डेस्कटॉप आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे अपडेट थांबले, ११ या मशीनवर बसत नाही, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. डी ड्राइव्ह आधी पेनड्राइव्हवर काढून घेतला, एवढी अक्कल होती. बाकी सगळं मार्गी लागलं. अडलंय ते पोकेमॉन एमराल्डवर, म्हणजे गेम बॉय ॲडव्हान्स या हातातल्या कन्सोलच्या जुन्या गेमवर.

आधी व्हिज्युअलबॉय ॲडव्हान्स या एम्युलेटरवर (कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम) खेळायचो, आता सॉफ्टवेअर मॅनेजरमधून रेट्रोआर्च या दुसऱ्या एम्युलेटरचं फ्लॅटपॅक (लिनक्सवर ॲप बसवायचं एक पॅकेज) घेतलंय, कोर (त्यातला गेम चालवणारा भाग) एमजीबीए. फोल्डरमध्ये १२८ केबीची .एसएव्ही फाइल आहे, २०१६ची. आणि एक .एसजीएम, २०१९ची. आळशीपणा! गेममध्ये जाऊन सेव्ह करायचं सोडून आम्ही एम्युलेटरचं शिफ्ट-एफ१ दाबायचो, त्याचीच ही .एसजीएम. दोन्ही फाइली रेट्रोआर्चच्या सेव्ह फोल्डरमध्ये टाकल्या, तरी नुसता 'न्यू गेम' दिसतो. .एसजीएमचं नाव बदलून .स्टेट केलं, तेही लोड होत नाही.

धाकटा भाऊ पुण्याहून येतोय. "दादा, आपला गेम आहे ना अजून?" असं विचारलंय त्याने, आणि मी हो म्हणून बसलोय.

प्रतिसाद:
भाऊ, आधी पेनड्राइव्हची आणखी एक कॉपी काढ, मग पुढचं.

.एसएव्ही म्हणजे कार्ट्रिजच्या (गेमच्या कॅसेटच्या) मेमरीत गेमने स्वतः लिहिलेला डेटा. तो बहुतेक एम्युलेटरना चालतो. रेट्रोआर्चला फक्त .एसआरएम हे शेपूट लागतं, आणि नाव रॉमच्या, म्हणजे गेमच्या फाइलच्या, नावाशी तंतोतंत जुळायला हवं. विंडोजला कॅपिटल-स्मॉलचं सोयरसुतक नव्हतं, लिनक्सला आहे. शिवाय तू गेम एकदा उघडलास, तेव्हा रेट्रोआर्चने स्वतःची कोरी .एसआरएम करून ठेवली असणार. रेट्रोआर्च पूर्ण बंद कर, मगच तिच्यावर तुझी टाक. चालू असताना टाकलीस तर बंद होताना तो परत कोरी लिहील. फ्लॅटपॅकचं फोल्डर होममधल्या .व्हार मध्ये लपलेलं असतं, कंट्रोल-एच दाब.

.एसजीएम ही जुन्या एम्युलेटरच्या त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल, दुसऱ्याला ती कळत नाही. डब्यावरचं लेबल बदलून मेतकुटाची चटणी होत नाही. जुना व्हिज्युअलबॉय वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारी सोय) चालव, सेव्ह टाइप फ्लॅश १२८के ठेव, एफ१ने स्टेट उघड आणि स्टार्ट दाबून गेमच्या मेन्यूतून सेव्ह कर. ताजी .एसएव्ही मिळेल.

मूळ धागाकर्ता:
झालं!! रॉमच्या नावातला ई स्मॉल होता, सेव्हच्या नावातला कॅपिटल. २०१६चा सेव्ह तर उघडलाच, पण वाइनवाली युक्तीही पहिल्या फटक्यात लागली. आम्ही गेममधल्या व्हिक्टरी रोडच्या तोंडाशी उभे आहोत, आणि कोणीतरी (मी नाही) सगळे पोशन (पोकेमॉनना बरं करायची औषधं) संपवून ठेवलेत.

कंट्रोलरची ए आणि बी बटणं मात्र उलटी लागलीत. त्यासाठी वेगळा धागा काढतो.