शार्पीचा दिवा पेटतोय तोवर चालवायचा, की तास भरले की उतरवायचा?

डिमरवाला, परभणी

परवा एका यात्रेत रात्री साडेबाराला ट्रसवरच्या (दिवे टांगायच्या चौकटीवरच्या) शार्पीत, म्हणजे बारीक तेज झोत फिरवणाऱ्या लाईटच्या मशीनमध्ये, फाट्‌दिशी आवाज झाला. दिवा फुटला. नुसता दिवा गेला असता तर बोललो नसतो, पण सोबत रिफ्लेक्टर आणि प्रिझमही गेलं. मेनूत लॅम्प अवर (दिवा किती तास पेटला ते) बघितले तर २३४०. दिव्याच्या खोक्यावर लिहिलेलं १५००. पोरगं म्हणतंय, "मालक, पेटत होता की!"

हेच तर दुखणं आहे. शार्पीतला डिस्चार्ज दिवा, म्हणजे तारेऐवजी वायूतून वीज जाऊन पेटणारा, म्हातारा झाला तरी पेटतो. त्याची क्वार्ट्झची काच उष्णतेनं दुधाळ होते, फुगते आणि एक दिवस फुटते, कारण पेटलेला असताना आत बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट दाब असतो. खाली माणसं बसलेली असतात. माझं मत सांगतो: तास भरले की पेटता दिवाही उतरवा. आणि प्रत्येक मशीनच्या नावानं वहीत एक पान ठेवा. दिवा कधी टाकला, किती तास झाले, कुठून घेतला, बिल कुठं आहे. ज्याची वही नाही त्यानं वॉरंटीच्या नावानं रडू नये.

मंडपवाला, लोहा

वही बिही तुमच्या थेटरातल्या लोकांना जमतंय. आम्ही माळेगावच्या यात्रेत सलग रात्री मारायलोत, गाडी उतरवायला माणूस मिळंना, अन्‌ म्हणे वही लिहा. चालू दिवा काढून फेकायचा? चालत्या बैलाला कुणी विकतंय का? खोक्यावरचे तास कंपनीनं आपला माल खपावा म्हणून छापलेले असतात. माझ्याकडं दोन हजारांच्या पुढं गेलेले चार दिवे आहेत, झकास चालायलेत.

अन्‌ तास बघायचे म्हणता, तर जुनी मशीन घेताना मीटर शून्यावर आणून विकतात, त्याचं काय?

प्रकाशयोजना करणारी, छत्रपती संभाजीनगर

मीटरचा मुद्दा खरा आहे. दिवा बदलला की मेनूतून तास शून्य करता येतात, आणि दिवा न बदलताही करता येतात. म्हणून जुनी मशीन घेताना दिव्याचे तास नाही, मशीनचे एकूण तास बघा. आणि दिवा काढून डोळ्यांनी बघा. काच दुधाळ दिसली की समजायचं.

पण दोघंही दोन वेगळ्या दिव्यांना एकच नियम लावताय. हॅलोजनचा हिशेब निराळा. पार म्हणजे स्टेजवरचा गोल डब्यातला हॅलोजन. त्यातल्या सीपी-६२ दिव्यावर ३०० तास लिहिलेले असतात, ती सरासरी असते: तेवढ्या वेळात साधारण निम्मे दिवे गेलेले असतात आणि निम्मे चालू असतात. हॅलोजन गेला की तार तुटते, विषय संपला. तो खुशाल शेवटपर्यंत चालवा. शार्पीचं तसं नाही, डिमरवाल्यांचं तिथं बरोबर आहे.

तुमचे हॅलोजन लवकर जातात त्याला मात्र कंपनीपेक्षा जनरेटर जबाबदार आहे. २३० व्होल्टचा दिवा २५० वर चालवला तर उजेड वाढतो, लोक खूश होतात आणि आयुष्य तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतं. ३०० चे ११० तास. उलट डिमर (उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) ९५ टक्के व्होल्टेजवर ठेवा, आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं. प्रेक्षकाला फरक कळतही नाही. नाटकाआधी दिवे थोडे उबदार करून ठेवा, थंड तारेतून सुरुवातीला गरम तारेच्या दहा-बारा पट करंट जातो. आणि दिवा बोटानं धरू नका. हे मी किती वेळा सांगितलं असेल! बोटाच्या तेलाचा डाग क्वार्ट्झवर भाजून बसतो आणि काच तिथूनच खराब होते. विक्रेता तो डाग दाखवूनच वॉरंटी नाकारतो, आणि तिथं तो खोटं बोलत नसतो.

मंडपवाला, लोहा

ताई, व्होल्टेजचं पटलं. मी मीटर लावून बघतो. जनरेटरवाला २४० म्हणतंय, पण त्याचं काय खरं धरायचं.

एलईडीवाला, लातूर

इतकी डोकेदुखी कशाला? सगळं एलईडी करा. पन्नास हजार तास. ना पारा, ना फुटणं, ना वही.

डिमरवाला, परभणी

भाऊ, हिशेब करून बघा. आपल्यासारख्यांचे वर्षाला साठ कार्यक्रम, पाच-पाच तास धरा. झाले ३०० तास. पन्नास हजार म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं! तोवर एलईडी टिकेलही, पण त्याच्या पॉवर सप्लायमधला कपॅसिटर टिकणार नाही. दहा अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य साधारण अर्धं होतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, पंख्यात धुरळा भरलेला. मशीन बंद पडलं की तुमचं दुकान म्हणतं, सप्लाय मिळत नाही, नवीनच घ्या. हॅलोजनचा फक्त दिवा फेकायचा, तुमचं अख्खं मशीन भंगारात. ते पन्नास हजार तास तरी कशाचे? बहुतेक वेळा उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे.

याच हिशेबात मंडपवाल्यांचंही उत्तर आहे. १५०० तासांचा दिवा वर्षाला ३०० च्या दरानं पाच वर्षं जातो. पाच वर्षांत त्यानं स्वतःची किंमत काढली नसेल तर चूक दिव्याची नाही, भाड्याची आहे.

एलईडीवाला, लातूर

सप्लाय मिळत नाही हे मान्य. पण वीजबिल आणि जनरेटरचं डिझेल कोण मोजणार? हजार वॅटच्या पारच्या जागी दोनशे वॅटचं चालतं.

प्रकाशयोजना करणारी, छत्रपती संभाजीनगर

डीजेला चालतं. राज्य नाट्य स्पर्धेत नटाच्या चेहऱ्यावर स्वस्त एलईडीचा पिवळा टाका, माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. चांगले एलईडी मिळतात, पण ते तुमच्या भावात मिळत नाहीत.

काळा कोट, बीड

वॉरंटीबद्दल थोडं. "दिव्याला वॉरंटी नसते" हे विक्रेत्याचं तोंडी वाक्य म्हणजे कायदा नव्हे. लेखी काय दिलं ते बघा: महिने की तास, आणि त्यातलं जे आधी संपेल ते धरतात का. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारासाठी घेतलेला माल बाहेर ठेवलाय हे खरं, पण स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतला असेल तर तुम्ही ग्राहकच. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, दोन वर्षांच्या आत जायला पाहिजे. पंधरा पोरं कामाला ठेवून मोठी कंपनी चालवत असाल तर समोरचा वकील आक्षेप घेणारच. आणि कच्च्या बिलावर माल घेतला असेल तर मला फोन करू नका.

मंडपवाला, लोहा

हे शेवटचं बोचलं राव.

डिमरवाला, परभणी

सगळ्यांनाच बोचलंय.

अजून एक गोष्ट, हिच्यामुळं माझे दोन दिवे गेले. जनरेटर ट्रिप झाला की शार्पीचा पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा आतल्या आत भाजतो. कार्यक्रम संपल्यावर पोरं मेन स्विच ओढतात, तेही तसंच. आधी कन्सोलवरून (लाईट चालवायच्या बोर्डावरून) दिवा बंद करायचा, पंखा पाच-दहा मिनिटं चालू द्यायचा, मग मेन. आणि दोन गाण्यांच्या मधे दिवा बंद-चालू करायचा नाही. उजेड झाकायचं शटर आहे कशाला? प्रत्येक वेळी पेटवताना इलेक्ट्रोड झिजतात.

प्रकाशयोजना करणारी, छत्रपती संभाजीनगर

फुटलेल्या दिव्याचं काय केलं ते नाही सांगितलंत.

डिमरवाला, परभणी

झाडूनं गोळा करून उकिरड्यावर टाकला. आता लाज वाटते.

प्रकाशयोजना करणारी, छत्रपती संभाजीनगर

त्यात पारा असतो. थोडाच, पण असतो. फुटला तर माणसं बाजूला करायची, वारा खेळू द्यायचा, पुठ्ठ्यानं आणि चिकटपट्टीनं तुकडे उचलून झाकणाच्या बरणीत. झाडू नाही. पारा असलेले दिवे २०१६ च्या ई-कचरा नियमांतच आले होते. आता २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यात बाहेरून माल आणणाराही उत्पादक धरला जातो. म्हणजे जुन्या मालाचं रिसायकलिंग करवून घेण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. हॅलोजनमध्ये पारा नाही, पण तो बाटल्यांच्या काचेत टाकू नका, क्वार्ट्झ त्या भट्टीत वितळत नाही.

मंडपवाला, लोहा

नियम मुंबईत. आमच्या तालुक्याला भंगारवाला आहे, तो तांबं अन्‌ ॲल्युमिनियम काढतो अन्‌ बाकीचं नाल्यात. त्याला काय नियम सांगता?

डिमरवाला, परभणी

त्याला काहीच सांगायचं नाही, त्याच्याकडं द्यायचंच नाही. जुने दिवे नव्यांच्या खोक्यात परत भरा. पुढची खरेदी करताना पाच-सहा जण मिळून एकाच दुकानात जाऊ, आणि अट घालू: जुने परत घे, पावती दे, तरच नवे. एकट्यादुकट्याचं तो ऐकणार नाही.

मंडपवाला, लोहा

येतो मी. दोन हजारांच्या पुढचे ते चारही आणतो, पण त्यातले दोन अजून एक यात्रा मारून. लग्नातच लावतो, माणसांच्या डोक्यावर नाही लावत.

डिमरवाला, परभणी

लग्नात माणसं नसतात का?