रेकीने मन निवते ते ऊर्जेमुळे, की नुसत्या हातामुळे?

पावसाळी दुपार :
गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. गोळ्यांनी दुखणे आटोक्यात राहिले, पण झोप म्हणून लागेना. शेजारच्या काकूंनी रेकीची, म्हणजे तळहात ठेवून उपचार करण्याच्या जपानी पद्धतीची, पहिली पदवी घेतलेली आहे. त्या मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येत, हात स्वच्छ धूत, खिडकीचा पडदा ओढून घेत आणि आईच्या डोळ्यांवर, मग कानशिलांवर, मग खांद्यांवर तळहात अलगद टेकवून दोन-तीन मिनिटे तसेच ठेवत. हात पोटापर्यंत पोचायच्या आत आई घोरू लागलेली असे. काकूंनी कधी पैसे घेतले नाहीत, आल्याचा चहा मात्र हक्काने मागून घेतला.

मी रसायनशास्त्र शिकवतो. ‘वैश्विक जीवनऊर्जा तळहातांतून वाहते’ हे वाक्य माझ्या गळी उतरत नाही, कारण जी कोणत्याही उपकरणाने मोजता येत नाही तिला ऊर्जा का म्हणावे, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. शिबिरांच्या पत्रकांत रेकी ही हजारो वर्षांची गुप्त विद्या असते, तेही खरे नाही. मिकाओ उसुई यांनी क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर साधना करून १९२२ साली ही पद्धत सुरू केली, त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी यांनी ती पुढे शिकवली आणि हायाशींकडून शिकलेल्या हवायो ताकाता यांनी ती हवाई बेटांवर आणि तेथून अमेरिकेत नेली. म्हणजे रेकी मराठी बोलपटाहून जेमतेम दहा वर्षांनी थोरली आहे.

माझे म्हणणे असे, की परिणाम खरा आहे आणि त्याची कारणमीमांसा खोटी आहे. हात ठेवण्याची पद्धत ठेवावी आणि ऊर्जेची भाषा टाकून द्यावी. आपणांस काय वाटते?

तर्ककर्कश :
आपण सुचवता ती वाटणी व्यवहारात होत नाही, कारण शिबिरांत विकली जाते ती ऊर्जेची भाषाच. नुसते हात ठेवायला शिकण्यासाठी कोणी तीन पदव्यांचे शुल्क भरणार नाही.

ही ऊर्जा जाणवते का, याची एक परीक्षा झालेली आहे. एमिली रोझा या अमेरिकन मुलीने वयाच्या नवव्या वर्षी शाळेच्या प्रकल्पासाठी ती आखली आणि १९९८ साली ती अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. परीक्षा रेकीची नव्हती, तिच्याच जातकुळीतल्या ‘थेरप्युटिक टच’ची, म्हणजे अंगापासून थोड्या अंतरावर हात धरून ऊर्जा जाणवते असे मानणाऱ्या उपचाराची होती. मध्ये उभा पडदा, त्याला खाली दोन भोके, त्यांतून उपचारकाने दोन्ही तळहात उताणे पुढे करायचे. एमिली नाणे उडवून ठरवणार आणि त्यांपैकी एका तळहातावर काही सेंटीमीटर अंतरावर आपला हात धरणार. हात कोणत्या बाजूला आहे, एवढेच ओळखायचे होते. २१ उपचारकांनी २८० वेळांपैकी १२३ वेळा बरोबर सांगितले, म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून अंदाज ठोकला असता तरी निम्मे जुळले असते!

आजपुरते :
मी गेली काही वर्षे रेकी शिकवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. त्या मुलीच्या परीक्षेने उपचारकांचा दावा तपासला, पण आडव्या पडलेल्या माणसाला स्वस्थ वाटले की नाही, हा प्रश्न तिने विचारलाच नव्हता, आणि या धाग्याचा विषय तर तोच आहे. माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगितले जाते की रोगनिदान करायचे नाही, कोणाचीही गोळी बंद करायची नाही आणि बरे करण्याची हमी द्यायची नाही. उसुईंची पाच तत्त्वे ‘आजच्या दिवसापुरते’ या शब्दांनी सुरू होतात: आजपुरते रागावू नका, आजपुरती काळजी करू नका. यात कोणाची फसवणूक होते, ते मला दिसत नाही.

धागालेखकांना मात्र एक विचारावेसे वाटते. आपण काकूंचे हात घरात घेता आणि त्यांची श्रद्धा चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायला सांगता. तळहातांत येणारी ऊब मला जाणवते. ती कशाची आहे हे मला सिद्ध करता येणार नाही, पण ती जाणवतच नाही असे आपल्या समाधानासाठी मी म्हणणार नाही.

रात्रपाळी :
मी परिचारिका आहे आणि अनेक वर्षे वॉर्डात काढली आहेत. आपल्या वादाला नेमके लागू पडेल असे एक संशोधन २०११ साली अमेरिकेत झाले. केमोथेरपी घेणाऱ्या १८९ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला रेकी दिली, दुसऱ्या गटावर रेकी न शिकलेल्या माणसाने त्याच ठिकाणी तसेच हात ठेवले आणि तिसऱ्याला फक्त नेहमीची शुश्रूषा मिळाली. पहिल्या दोन्ही गटांना जवळजवळ सारखेच बरे वाटले, तिसऱ्याला तसे वाटले नाही. म्हणजे रुग्णाच्या उशाशी वीसेक मिनिटे शांत बसलेले माणूस, एवढे पुरते.

वॉर्डात रुग्णाला दिवसभर हात लागतच असतात, पण ते सुई टोचायला, बीपीचा पट्टा बांधायला किंवा कूस बदलायला. काही काम नसताना कोणी हात लावत नाही, कारण एकीच्या अंगावर इतके रुग्ण असतात की तेवढा वेळच उरत नाही. नातवाची दृष्ट काढताना आजी मीठ-मोहऱ्या ओवाळते, तेव्हा किरकिरे पोर का शांत होते, याचे उत्तर मला मोहऱ्यांत शोधावेसे वाटत नाही.

हे लिहिले म्हणजे मी ‘आजपुरते’ यांच्या बाजूची झाले असे मात्र नाही. छातीत गाठ लागल्यावर आठ महिने निव्वळ चक्रशुद्धी करून घेत राहिलेली एक बाई आमच्याकडे आली, तेव्हा गाठ फुटून त्याची जखम झाली होती. ती ज्यांच्याकडे जात होती त्यांनीही ‘औषधे बंद करा’ असे कधी सांगितले नव्हते. ‘हळूहळू ऊर्जा मोकळी होते आहे’, एवढेच ते म्हणत राहिले.

तर्ककर्कश :
या ‘हळूहळू’चे आकडेही उपलब्ध आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, कर्करोगावरील नेहमीच्या उपचारांच्या जोडीला पूरक उपचार घेणाऱ्या २५८ रुग्णांपैकी सुमारे ३४ टक्के रुग्णांनी सुचवलेली केमोथेरपी नाकारली, इतरांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते, आणि पूरक उपचार घेणाऱ्यांतला मृत्यूचा धोका दुप्पट निघाला. त्यात रेकीचा वेगळा हिशेब नव्हता, आणि पूरक उपचारांनी कोणी दगावले असेही त्यातून निघत नाही. खरा उपचार नाकारल्याने दगावले. पण ‘पूरक’ या शब्दाआड किती जण मुख्य उपचारच सोडतात, ते त्यातून दिसते. आपल्याकडे जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याने मधुमेह किंवा कर्करोग बरा करण्याची जाहिरात करता येत नाही, म्हणून पाटीवर ‘मनःशांती’ लिहायचे आणि उरलेले समोरासमोर बोलायचे.

आजपुरते :
त्या बाईंबद्दल वाचून वाईट वाटले. ‘ऊर्जा मोकळी होते आहे’ हे वाक्य मीही वापरते, आणि ते ऐकणाऱ्याच्या मनात काय रुजते याचा विचार मी पुरेसा केलेला नाही, हे मान्य करते. पाटीबद्दलचा आरोप मात्र सरसकट आहे.

पावसाळी दुपार :
‘रात्रपाळी’ यांचा प्रतिसाद वाचून मी काल स्वतःच आईवर प्रयोग करून पाहिला. हात धुतले, पडदा ओढला, डोळ्यांवर तळहात ठेवले. दोन मिनिटांत तिने विचारले, “गॅस बंद केलास ना रे?” मग दुधाचा हिशेब निघाला, मग मामाच्या फोनचा विषय, आणि झोप राहिली बाजूला. मला ऊर्जा वगळून नुसती पद्धत हवी होती, पण नुसती पद्धत माझ्या हातून चालली नाही.

तर्ककर्कश :
एका आईवर एकदा केलेल्या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. आता उलटा प्रयोग करा. पुढच्या शुक्रवारी काकूंना सांगा, की रेकी देऊ नका, नुसते हात ठेवा.

आजपुरते :
ते त्यांना जमायचे नाही.